जोडनावांचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्यासमोर राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. आजचा माझा विषय त्या मानाने लहान आहे. गाणाऱ्या-रचणाऱ्या माणसांच्या जोड्यांचा हा इतिहास आहे. दोघांनी मिळून एक फड उभारावा, त्याला दोघांचे नाव द्यावे, त्या नावाने लोकांपुढे जावे आणि पुढे काळाच्या ओघात माणसे बदलत गेली तरी नाव मात्र चालू राहावे, असे महाराष्ट्रात गेली दोनशे-सव्वादोनशे वर्षे घडत आले आहे. ह्या नावांच्या आड कोण होते, कोण उरले आणि कोण पुसले गेले, एवढेच मला आज पाहावयाचे आहे. विषय करमणुकीचा वाटेल. पण त्याच्या तळाशी न्यायाचा एक प्रश्न आहे, तो मी शेवटी आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रारंभ अर्थातच होनाजी-बाळापासून करावा लागतो. उत्तर पेशवाईतल्या पुण्याचे हे नाव मराठी माणसाच्या इतके तोंडी बसले आहे की, पुष्कळांना ते एकाच माणसाचे नाव वाटते. बाळा हे होनाजीचे टोपणनाव असावे किंवा वडिलांचे नाव असावे, अशी समजूत करून घेतलेले सुशिक्षित गृहस्थ मला भेटले आहेत. वस्तुतः ही दोन माणसे. होनाजी शिलारखाने हा पुण्याचा गवळी. दुधाचा धंदा घरचा आणि लावणीची परंपराही घरचीच. बाळा कारंजकर हा त्याचा जोडीदार. होनाजीने रचावे आणि बाळाने गावे, अशी ही वाटणी होती. लावणीच्या शेवटच्या चरणात जी नाममुद्रा येते तीही दोघांच्या नावाची. म्हणजे शब्द एकाचे, पण सही दोघांची! कवीने आपल्या गाणाऱ्याला आपल्या कवितेत कायमचे घर दिल्याची अशी उदाहरणे वाङ्मयात फार सापडत नाहीत.

दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाखाली ह्या जोडीची भरभराट झाली. लावणीला रागदारीची बैठक देण्याचे श्रेय होनाजीला दिले जाते, आणि खुद्द बाजीरावाने त्याला तसे सुचविले अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, तिच्यावरून एक गोष्ट उघड होते. रागदारीतली लावणी केवळ लेखणीने सिद्ध होत नाही. तिला तसा गळा लागतो. शब्दांची मात्रा ओढावी कुठे, स्वर ठेवावा कुठे, श्रोत्याला थांबवावे कुठे, हे गाणाराच जाणतो. तेव्हा बैठकीच्या लावणीच्या निर्मितीत बाळाचा वाटा निम्म्याहून कमी असेल असे मला वाटत नाही. हे माझे अनुमान आहे, हे मान्य करतो. पण ज्याने कधी चाल बांधताना पाहिली आहे त्याला ते पटेल.

आता फड म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. रचणारा शाहीर, गाणारा, मागे झील धरणारे, ढोलकीवाला, तुणतुणेवाला, डफवाला, नाचणारा पोऱ्या आणि हजरजबाबी सोंगाड्या, अशी ही मंडळी. ह्यांतली माणसे कायमची बांधलेली नसत. आज ह्या फडात तर उद्या त्या फडात, असे चाले. स्वतः कवीही कित्येकदा दुसऱ्याच्या फडासाठी लिही. प्रभाकर हा मोठा शाहीर. पण त्याने कवने केली ती गंगू हैबतीच्या फडासाठी. सगनभाऊ आणि राम गोंधळी ह्यांची जोडी त्याच काळातली. सगनभाऊ हा जेजुरीकडचा मुसलमान शिकलगार आणि होनाजी-बाळाच्या तोडीचा प्रतिस्पर्धी. संगमनेरच्या अनंत घोलपांची गोष्ट तर याहूनही मनोरंजक आहे. मलिक फंदी नावाच्या फकिराशी त्यांचा स्नेह जडला आणि त्या स्नेहामुळे त्यांनाच लोक फंदी म्हणू लागले, असे सांगतात. आज अनंत फंदी सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्यावरून नाव आले तो मलिक विस्मृतीत गेला. एका मित्राचे नाव दुसऱ्याच्या अंगावर चढले आणि तिथेच राहिले!

ह्या मंडळींच्या जातिधर्मांकडे जरा पाहा. गवळी, शिकलगार, गोंधळी, ब्राह्मण, फकीर. पेशवाईतल्या समाजाची वीण किती घट्ट आणि कडक होती हे आपण जाणतो. त्या समाजात ही माणसे एका डफाभोवती बसली आणि त्यांनी आपली नावे एकमेकांत गुंफली. समाजसुधारणेच्या आपल्या इतिहासांत ह्या गोष्टीची नोंद मला कोठे ठळकपणे आढळली नाही.

१८१८ साली पेशवाई गेली आणि फडांचा मोठा आश्रय तुटला. कवने मात्र लोकांच्या तोंडी राहिली, काही बाडांत उतरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापखाना घरोघर ग्रंथ पोचवू लागला, तेव्हा शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासारख्या कष्टाळू संग्राहकांनी पोवाडे आणि लावण्या मिळवून प्रसिद्ध केल्या. त्यांचे उपकार थोर आहेत. तरीही ह्या उपकाराची एक किंमत द्यावी लागली. छापखान्याला शब्द छापता येतात, गळा छापता येत नाही. होनाजीची रचना कागदावर आली. बाळाचा आवाज ज्या रात्री विरला त्या रात्रीच विरला. पुढे १९५१ साली व्ही. शांताराम यांनी 'अमर भूपाळी' हा चित्रपट काढला, त्याला वसंत देसाई यांचे संगीत लाभले, आणि होनाजीची भूपाळी घरोघरी सकाळी ऐकू येऊ लागली. दुसऱ्या वर्षी तो चित्रपट फ्रान्समधल्या कान येथील महोत्सवातही गेला. आपण ऐकतो ते शब्द होनाजीचे आहेत, गळा विसाव्या शतकातल्या गायकांचा आहे. बाळाची जागा दुसऱ्यांनी भरून काढली, आणि ती रिकामी झाली होती हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

येथे मला पहिला निष्कर्ष सांगावासा वाटतो. जोडीतला कोण मागे उरणार, हे पुष्कळदा त्याच्या गुणावर ठरत नाही. ते त्या काळाच्या साधनावर ठरते. छपाईच्या काळात लिहिणारा उरतो. गाणारा, वाजवणारा आणि नाचणारी ही माणसे श्रोत्यांच्या स्मरणात जगतात आणि श्रोत्यांबरोबर जातात.

दुसरे उदाहरण पठ्ठे बापूराव आणि पवळा ह्यांचे. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी-घराण्यातले ब्राह्मण, जन्म १८६६. लावणीच्या नादाने घरदार, वतन आणि जातीतली पत सोडून ते तमाशात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. पवळा ही संगमनेरकडच्या हिवरगावची, महार समाजातली. तमाशाच्या बोर्डावर तोवर बायकांची कामे बहुधा नाच्ये पोरे करीत. पवळेने ती रीत मोडली. बापूरावांचे शब्द आणि पवळेचा आवाज व अदा एकत्र आली, आणि गावच्या जत्रेतला तमाशा मुंबईच्या नाटकगृहांत तिकीट लावून चालू लागला. गिरणगावातले कामगार ह्या जोडीवर लोभ ठेवून होते. मग बेबनाव झाला, जोडी फुटली. बापूरावांनी पुढे इतरांना घेऊन फड चालविला, पण पूर्वीचा रंग पुन्हा भरला नाही. १९४५ साली पुण्यात अत्यंत विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला.

आता पाहा. बापूरावांच्या लावण्यांचे संग्रह निघाले, त्यांच्यावर लेख झाले, चित्रपट झाला. पवळेचे नाव येते ते त्यांच्या चरित्रातल्या एका प्रकरणासारखे. जोडी फुटल्यावर जे नाटकगृह ओस पडू लागले, त्याने पवळेचा वाटा किती होता ते सिद्धच केले होते. परंतु ती साक्ष तिकिटाच्या खिडकीवरची होती. ग्रंथात ती उतरली नाही. येथे नुसते साधन आडवे आले असेही म्हणता येत नाही. ती बाई होती आणि ती महार होती. साधनाने अर्धे पुसले आणि समाजाने उरलेले अर्धे पुसले.

तमाशाच्या जगाने मात्र जोडनावाची रीत सोडली नाही. नारायणगावचा भाऊ-बापू मांग नारायणगावकर हा दोघा भावांचा फड. त्यातल्या भाऊंची मुलगी विठाबाई ही ह्याच फडात वाढली आणि पुढे फडाच्या नावात तिचे नाव सर्वांत आधी आले: विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पवळेला जे मिळाले नाही ते विठाबाईंना मिळाले, तेही त्यांनी आपल्या जिवावर मिळविले. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला. २००२ साली त्या गेल्या, आणि आज महाराष्ट्र शासनाचा तमासगिरांसाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो.

सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या खाडे घराण्यात तर जोडनाव हे वतनासारखे पिढ्यान्‌पिढ्या चालले. सातू-हिरू कवलापूरकर हे आधीचे नाव, त्यानंतर शिवा-संभा, आणि त्यानंतर काळू-बाळू. काळू आणि बाळू ही दोघांची खरी नावेसुद्धा नव्हेत. लहू आणि अंकुश हे खाडे घराण्यातले जुळे भाऊ. 'जहरी प्याला' ह्या वगात त्यांनी काळू आणि बाळू ह्या दोन हवालदारांची सोंगे केली, आणि सोंगांची नावे माणसांना चिकटली. प्रेक्षकांनी बारसे केले ते आईबापांनी केलेल्या बारशावर मात करून गेले. येथे फडाने आपल्या आठवणीची एक वेगळीच व्यवस्था लावलेली दिसते. माणूस जातो, त्याच्या जागी पुतण्या-मुलगा उभा राहतो; फलक बदलतो, पण फलकावर दोन नावे असतात ही रीत बदलत नाही. जत्रेला येणाऱ्या माणसाला ठाऊक असते की, कवलापूरची जोडी आली म्हणजे सोंगाड्या एकटा नसेल; एकाने टाकलेला शब्द दुसरा झेलील.

कामगारांच्या चळवळीनेही हा अनुभव घेतला आहे. १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे राहिले ते तिघांच्या बळावर: अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर. ह्या पथकाच्या नावात एकाचेही नाव नव्हते. नाव होते ते निशाणाचे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ह्या शाहिरांनी सभा गाजविल्या. पुढे वाटा पांगल्या. १९६९ च्या जुलै महिन्यात अण्णा भाऊ गेले आणि दीड महिन्याच्या आत अमर शेखही गेले. आज अण्णा भाऊ आपल्याला भेटतात ते कादंबऱ्या-कथांतून, कारण ते छापले गेले. अमर शेख भेटतात ते त्यांच्या पहाडी आवाजाच्या आख्यायिकांतून. गवाणकरांचे नाव मात्र तिसरे म्हणून उच्चारले जाते, आणि कित्येकदा तेवढेही नाही. तिघांनी मिळून पेटविलेली सभा. स्मरणात मात्र तीन वेगवेगळ्या इयत्ता!

विसाव्या शतकात नवी साधने आली: ध्वनिमुद्रिका, चित्रपट, रेडिओ. आता गळा टिकू लागला. मग तरी हिशेब सरळ झाला काय? नाही, तो फक्त दुसऱ्या बाजूने वाकडा झाला. शंकर-जयकिशन ह्या जोडीचे पाहा. १९४९ च्या 'बरसात'पासून हे नाव देशभर दुमदुमले. कोणती चाल कोणाची हे बाहेर सांगावयाचे नाही असा दोघांचा संकेत होता, असे म्हणतात. १९७१ साली जयकिशन वारले. शंकर ह्यांनी १९८७ साली आपल्या मृत्यूपर्यंत काम केले, आणि ते शंकर-जयकिशन ह्या नावानेच केले. ह्या निष्ठेचे कौतुक केलेच पाहिजे. परंतु ह्याच जोडीच्या पाठीशी आणखी दोन माणसे होती, दोघेही गोव्याची. तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम वाडकर आणि वाद्यमेळाची मांडणी करणारे सबॅस्टियन डिसोझा. ज्या भरघोस वाद्यमेळावरून आपण ती गाणी दोन स्वरांत ओळखतो, तो मेळ सबॅस्टियन कागदावर मांडीत. ज्या ठेक्यावर पाय आपोआप हलतो त्याला वादक मंडळी दत्तारामांच्या नावाने ओळखतात. नाव दोघांचे, काम चौघांचे आणि आणखी कित्येक वादकांचे.

मराठी मुलखातले याहून चटका लावणारे उदाहरण राम-लक्ष्मण यांचे आहे. सुरेंद्र हेंद्रे आणि नागपूरचे विजय पाटील ह्या दोघांना दादा कोंडके यांनी राम-लक्ष्मण हे नाव दिले. १९७५ च्या 'पांडू हवालदार'चे संगीत त्यांचेच. जोडी जमली न जमली तोच राम गेले. लक्ष्मण एकटे उरले. त्यांनी नाव बदलले नाही. पुढे १९८९ साली 'मैंने प्यार किया' आणि १९९४ साली 'हम आपके हैं कौन' ह्या चित्रपटांच्या गाण्यांनी देश वेडा केला, तेव्हा पडद्यावर नाव आले ते रामलक्ष्मण असे जोडूनच. ऐकणाऱ्या कोट्यवधींना ठाऊक नव्हते की ह्यांतला पहिला केव्हाच जग सोडून गेला आहे. २०२१ साली विजय पाटील निवर्तले, आणि तोपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्यांनी मित्राचे नाव आपल्या नावाच्या आधी वाहिले. होनाजीने बाळाला लावणीच्या शेवटच्या चरणात जागा दिली होती. विजय पाटलांनी रामाला पहिल्या अक्षरात दिली.

ही गोष्ट आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतल्या 'स्टीली डॅन' ह्या प्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचे नाव घेता येईल. वॉल्टर बेकर आणि डोनल्ड फेगन ह्या दोघांनी १९७० नंतरच्या दशकात तो नावारूपाला आणला. सुरुवातीची बाकीची मंडळी लवकरच गेली. दर तबकडीला नवे वादक बोलावून हे दोघेच ते नाव चालवीत. २०१७ साली बेकर वारले, आणि लगोलग १९७२ सालच्या एका कराराच्या आधारे नावाचा हक्क कोणाचा, ह्यावरून फेगन आणि बेकर यांचे वारस यांच्यात वाद न्यायालयात गेला. तिकडे नाव ही मालमत्ता असते, म्हणून तिचा निवाडा कायद्याच्या कलमांनी होतो. आपल्याकडे नाव हा ऋणानुबंध असतो, म्हणून त्याचा निवाडा ज्याच्या-त्याच्या मनाने होतो. दोन्ही रीतींत गुणदोष आहेत. करारात निदान दोघांची नावे शाईने लिहिलेली असतात. मनाच्या निवाड्यात विजय पाटलांसारखा माणूस भेटला तर फार मोठे काही मिळते. पण भेटला नाही, तर दुर्बळाच्या पदरी काहीच पडत नाही.

कोणी म्हणेल, "गाणे उरले ना? मग कोणी केले ह्याची उठाठेव कशाला?" हा आक्षेप मी हलका मानीत नाही. ओवी रचणाऱ्या बायांनी कधी आपले नाव सांगितले नाही आणि त्यांचे काही अडले नाही. परंतु ओवीत सगळ्यांचीच नावे गेली. तेथे अन्याय नाही. जेथे एकाचे नाव सोन्याने लिहिले जाते आणि त्याच्या शेजारी बसलेल्याचे पुसले जाते, तेथे नुसते गाणे उरले म्हणून समाधान मानता येत नाही. आणि पुसले गेलेले नाव पुष्कळदा गाणाऱ्याचे, वाजवणाऱ्याचे, बाईचे आणि खालच्या मानलेल्या जातीचे असते, हा योगायोग नव्हे.

ही गोष्ट भिवंडीकरांना फार समजावून सांगण्याची गरज नाही. हे गाव मागांचे आहे. बाजारात जो तागा जातो त्याच्यावर छाप असतो व्यापाऱ्याचा. सायझिंगमध्ये बीम तयार करणारा, कांडी भरणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर आणि रात्रपाळीला मागावर उभा राहिलेला कामगार, ह्यांची नावे त्या ताग्यावर नसतात. ताणा कोणाचा आणि बाणा कोणाचा, हे कापड नेसणाऱ्याला कधी कळत नाही. पण इतिहास लिहिणाऱ्याचे काम नेसणाऱ्याचे नव्हे. त्याने कापड उलटून पाहिले पाहिजे.

म्हणून माझी विनंती अशी आहे. ह्या तालुक्यात आगरी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारिणी आहेत. त्या एकट्या गात नाहीत, त्यांच्यामागे ओळ उचलणाऱ्या बाया असतात. गावोगाव भजनी मंडळे आहेत, मोहल्ल्यांत कव्वाल आहेत, लग्नाच्या वरातीपुढे वाजवणाऱ्या बेंजो पार्ट्या आहेत. त्यांच्या माणसांत नित्य फेरबदल होतो. आज ढोलकीवर एक, उद्या दुसरा. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात आवाज टिपून ठेवणारे यंत्र आहे. शाळिग्रामांजवळ फक्त दौत-लेखणी होती. आपण गाणे टिपतो, ते दुसऱ्यांना पाठवितो. कोण गाते आहे, मागे कोण आहे, वाजवितो कोण, हे मात्र लिहीत नाही. तेवढे लिहावे. येथल्या एखाद्या वाचनालयाने एक वही घालावी आणि प्रत्येक मेळाच्या नावाखाली माणसांची नावे, ती आली केव्हा आणि गेली केव्हा, हे नोंदवावे. काम खर्चाचे नाही, चिकाटीचे आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. चैत्र-वैशाख हे जत्रांचे आणि तमाशांच्या सुपाऱ्यांचेही दिवस. एकाच ऋतूत एकीकडे व्याख्यानाचे मंडप उभे राहतात आणि दुसरीकडे फडांचे तंबू. ह्या दोन मांडवांमध्ये आजवर फारसे जाणेयेणे झाले नाही. ते झाले असते, तर कोणा जाणत्याने बाळा कारंजकराला विचारले असते, की बाबा रे, ही चाल तू बांधलीस की होनाजीने? उत्तर मिळण्याची वेळ टळून गेली. जे अजून गात आहेत, त्यांना विचारण्याची टळलेली नाही.